शेळीचा स्वभाव विकत घेण्याआधी कसा ओळखावा

"एकदम गरीब आहे हो, पोरंसुद्धा धरतात." शेळी विकणारा प्रत्येकजण हेच सांगतो. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात मी गेली चौदा वर्षं शेळ्या पाळतोय. या वाक्यासाठी रुपयाही जास्त देऊ नका.

सकाळी, चरायला सोडायच्या आधी जा. दुपारी पोट भरल्यावर सगळ्याच शेळ्या साधू असतात. कुत्रा घरी ठेवा आणि छत्री मिटवा.

आधी कुंपणाबाहेर दहा मिनिटं नुसतं उभं राहा. गव्हाणीवरून कोण कोणाला ढुशी देऊन हाकलते ते दिसेल. कळपात दांडगाई करणारी शेळी माणसाशी छान वागू शकते, तेव्हा तिला लगेच नाकारू नका.

मग बाजूने, सावकाश आत जा. शेळीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. तिला जवळजवळ सगळं दिसतं, फक्त थेट पाठीमागचं नाही. मागून गेलात आणि ती दचकली तर चूक तुमची. दोन पावलांवर येईपर्यंत उभी राहिली तर उत्तम. लांबूनच उधळली, पण थांबून वळून बघते, ती माणसाळेल. वळूनही न बघणारी सोडा.

आता एकटीची परीक्षा. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठात १९९० पासून मेरिनो मेंढ्यांचे शांत आणि बिथरणारे असे दोन कळप निवडीने वाढवले आहेत. त्या निवडीत मेंढीला बंद पेटीत थोडा वेळ एकटं ठेवतात आणि ती किती चळवळ करते ते मोजतात. मी तेच शेळ्यांवर करतो. भिंतीच्या कोपऱ्याला प्लायवूडचे दोन तुकडे लावायचे, शेळी आत, मोबाइलवर एक मिनिट. बाकीचा कळप तिला दिसता कामा नये. फटीतून दुसरीचा कान दिसला तरी परीक्षा फुकट.

ओरडण्याला घाबरू नका, एकटी पडलेली शेळी ओरडणारच. धडका, उड्या, न थांबणाऱ्या फेऱ्या मोजा. सुरुवातीला धडपडून मग कान टवकारून ऐकत उभी राहते ती माझी.

आणि जी हलतच नाही ती?

इथे मी फसलो होतो. गणेश चवथीनंतरचे दिवस, पाऊस अजून सुरूच. एक पाट, म्हणजे अजून न व्यालेली तरुण शेळी, मिनिटभर पुतळ्यासारखी उभी राहिली. मी खूश, घासाघीसही केली नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागली. जंतांनी रक्त पिऊन टाकलं होतं. पाट गरीब नव्हती, तिच्यात उभं राहण्यापुरतीच ताकद होती. औषधाने वाचली, अंगात रक्त भरलं, आणि मग तिला धरायला दोन माणसं लागायला लागली.

तेव्हापासून आडोशात घालायच्या आधी खालची पापणी ओढून बघतो. आत लालसर गुलाबी हवी. पांढुरकी दिसली तर स्वभावाची गोष्टच काढू नका, आधी जंतांचं बघा. गोव्याच्या पावसात हे दुखणं घरोघरी.

भीतीने गोठलेली शेळीही अशीच स्तब्ध दिसते. तिच्या पाठीवर हात ठेवा. अंग फळीसारखं ताठ आणि कुशी भराभर हलत असतील तर ती शांत नाही, घाबरून थिजली आहे. खरी शांत शेळी कळपात परत सोडली की थोड्या वेळात चरायला किंवा रवंथ करायला लागते. थिजलेली कोपऱ्यातच राहते. कुठल्या पुस्तकाने हा फरक मला सांगितला नाही.

माजावर आलेली आणि व्यायला टेकलेली शेळी या परीक्षेला घेऊ नका. शंका असेल तर दोन दिवसांनी परत जा. मालक कुरकुर करेल, करू द्या.

बोकडाच्या बाबतीत दुप्पट कडक राहा, स्वभाव थोडाफार रक्तातून करडांत उतरतो. आणि लहान बोकडाचं कपाळ ढकलून खेळवलेलं कळलं तर तो घेऊच नका. मोठा झाल्यावर तोच खेळ शिंगांनी खेळतो.

पसंत पडलेली शेळी पहिले तीन आठवडे कळपात मिसळू नका. वेगळी बांधा, पण जुनी एखादी शेळी लांबून दिसेल अशा जागी.