हिल्सबरोत घर बघताय? आधी मॅक्सपर्यंत चालून या

अमेरिकेत ओरेगनमधल्या पोर्टलंडच्या पश्चिमेला हिल्सबरोत नोकरीसाठी येणाऱ्या मराठी घरांना मी एक गोष्ट नेहमी सांगते. भाडेकरारावर सही करण्याआधी त्या घरापासून मॅक्स या लाइट रेलच्या स्टेशनपर्यंत पायी जाऊन या. जाहिरातीतली ‘पाच मिनिटं’ बहुतेकदा गाडीची असतात. कामाच्या दिवशी संध्याकाळी सहाला चाला, पाऊस असेल तर उत्तमच. फुटपाथ मध्येच संपतो का, मोठ्या रस्त्यावर सिग्नल आहे का, अंधार कुठे आहे, सगळं कळतं. दहा मिनिटांत पोचलात तर घर थोडं महाग असलं तरी घ्या. दुसऱ्या गाडीचा हप्ता आणि विमा वाचेल. हिल्सबरोतल्या ओरेंको भागात स्टेशन धरूनच वस्ती उभी राहिली आहे, शोध तिथून सुरू करा.

आम्ही पहिलं घर फक्त नवऱ्याचं ऑफिस बघून घेतलं होतं. माझ्याकडे लायसन्स नव्हतं. दूध संपलं तरी त्याची वाट बघायची. १९९८पासून गावात ट्रेन आहे आणि मी घरात अडकलेली! घरात जो गाडी चालवत नाही, त्याचा विचार आधी करा.

मग प्रत्येकाचं वेगळं हॉप कार्ड, म्हणजे ट्रेनच्या भाड्याचं कार्ड, काढा. स्टेशनला गेट नसतात, म्हणून चढण्याआधी फलाटावरच्या मशीनला कार्ड टेकवायचं. उतरताना नाही. एक तिकीट अडीच तास चालतं, आणि दिवसात दोन तिकिटांचे पैसे कापले गेले की उरलेला दिवस फुकट. ६५ पूर्ण झालेल्यांना भाडं निम्मं.

आई-बाबा आले की पहिली खेप त्यांच्यासोबत करा. दाराचं बटण आठवणीनं दाखवा. मी विसरले, आणि बाबा दार उघडायची वाट बघत उभे असताना ट्रेन निघून गेली. आठवड्याभरात मात्र ते एकटे पोर्टलंडच्या वॉशिंग्टन पार्कला जाऊन आले. तिथलं स्टेशन डोंगराच्या पोटात, २६० फूट खोल आहे. डोंगराला भोक पाडून काढलेला दगडाचा लांबलचक नमुना फलाटाच्या भिंतीवर मांडलाय. बाबा घरी येऊन म्हणाले, “अगं, हा तर आपल्या घाटातला काळा कातळ!” खरंच, दोन्हीकडे बेसॉल्टच.

दुसऱ्या दिवशी मी उठले तर टेबलावर चिठ्ठी होती: ‘आईला कातळ दाखवायला नेतोय. डबा घेतलाय.’