पोटावरचं एनोक्झापॅरिनचं इंजेक्शन घरच्या घरी कसं घ्यायचं

गुडघ्याचं किंवा खुब्याचं ऑपरेशन झालं की माणूस फार हिंडत-फिरत नाही, पायातलं रक्त साकळून गुठळी व्हायची भीती असते, आणि ती सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावरच बेतू शकतं, म्हणून हे इंजेक्शन देतात. बऱ्याच जणांना 40 मिलिग्रॅमची भरलेली सिरिंज दिवसातून एकदा असते पण किडनी कमजोर असेल तर डोस कमी करतात, तेव्हा चिठ्ठीवर आहे तेवढंच घ्या.

हात साबणाने धुवा आणि पोट नीट दिसेल असं रेलून बसा. बेंबीपासून निदान 5 सेंटिमीटर सोडून बाजूला टोचायचं, आज डावीकडे तर उद्या उजवीकडे, टाके किंवा काळंनिळं असेल ती जागा नको. स्पिरिटने पुसलं तर वाळू द्या, नाहीतर चुरचुरतं.

सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा दिसेल, पूर्ण सिरिंज घ्यायची असेल तर तो काढू नका! हवा शिरेत जाईल म्हणून लोक घाबरतात, पण हे औषध शिरेत जातच नाही, कातडीखालच्या चरबीत जातं, आणि बुडबुडा शेवटचा थेंब आत ढकलतो. काढायला गेलं की औषधच सांडतं. अर्धीच सिरिंज सांगितली असेल तर मात्र नर्सकडून आधी शिकून घ्या.

आता चिमटीत कातडीची जाड घडी धरा, सुई सरळ उभी पूर्ण आत घाला आणि दट्ट्या सावकाश दाबा, सुई बाहेर येईपर्यंत चिमूट सोडायची नाही. नंतर चोळू नका प्लीज, सगळे तिथेच चोळतात आणि मग हा मोठा काळा डाग पडतो. कापूस नुसता दाबून धरा. सुई टोपण न लावता सरळ जाड प्लॅस्टिकच्या डब्यात.

एखादा डोस राहिला तर दुसऱ्या दिवशी डबल घेऊ नका, डॉक्टरांना फोन करा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या मनाने नकोत, रक्तस्राव वाढतो.

आणि काळी शी, लघवीत रक्त, न थांबणारं रक्त, पोटरी सुजून दुखणं, अचानक धाप किंवा छातीत दुखणं, पाठीत भूल दिली असेल तर पाय बधिर पडणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठा.