बॉक्सिंगमधली फसवणूक: पुरावा तोलताना या चुका टाळा

इंदुरात रामबागेतली पोरं रात्री सराफ्यात जमली की मोबाइलवर एखादी जुनी लढत लागते आणि पाच मिनिटांत निकालही लागतो: "चोर आहे तो!" पोरांचं बॉक्सिंगवेड मला मनापासून आवडतं. म्हणूनच सांगतो, कुणाच्या कपाळी असा शिक्का मारण्याआधी जरा थांबा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एका लढतीचा पुरावा दुसरीला चिकटवणं. जानेवारी २००९, लॉस एंजेलिस, शेन मोझली विरुद्ध अँटोनियो मार्गारिटो. हाताला पट्ट्या बांधताना समोरच्या गोटातला माणूस हजर राहतो. शेन मोझलीचे प्रशिक्षक नझीम रिचर्डसन यांनी अँटोनियो मार्गारिटोचा बांधलेला हात चाचपला, तर मुठीच्या हाडांवर काहीतरी टणक लागलं. पट्ट्या सोडायला लावल्या, आतले पॅड जप्त झाले. प्रयोगशाळेत त्यांत कॅल्शियम आणि गंधक सापडलं. घट्ट होणाऱ्या प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये हेच असतं. कॅलिफोर्नियाच्या क्रीडा आयोगाने मार्गारिटोचा परवाना रद्द केला. इथे शंकेला जागा नाही.

पण जुलै २००८ मध्ये याच मार्गारिटोने मिगेल कोट्टोला हरवलं होतं. त्या लढतीनंतरच्या एका फोटोत पट्टी विचित्र दिसते, एवढ्यावर लोक छातीठोक बोलतात. कोट्टोला संशय आला, मलाही येतो. तरी त्या रात्रीच्या पट्ट्या प्रयोगशाळेत कधी गेल्याच नाहीत. तेव्हा "संशय आहे" म्हणा, "सिद्ध झालं" म्हणू नका.

ऐकीव गोष्टीला घड्याळ लावा. १९६३ मध्ये वेम्ब्लीत हेन्री कूपरने कॅसियस क्लेला, म्हणजे पुढच्या मोहम्मद अलीला, चौथ्या फेरीच्या शेवटी पाडलं. मग फाटका ग्लोव्ह दाखवून क्लेच्या कोपऱ्याने, म्हणजे त्याच्या प्रशिक्षक मंडळींनी, त्याला सावरायला कित्येक मिनिटं खाल्ली, असं वर्षानुवर्षं सांगतात. चित्रफीत मोजली तर नेहमीच्या विश्रांतीपेक्षा काही सेकंदच जास्त भरतात.

वाईट निकाल म्हणजे लाचच, हेही धरून चालू नका. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये पंचांच्या ३-२ मतांनी रॉय जोन्सवर उघड अन्याय झाला. १९९७ च्या ऑलिम्पिक समितीच्या चौकशीत मात्र लाचेचा पुरावा मिळाला नाही.

आणि पुरावा हातचा घालवू नका. १९८३ मध्ये न्यूयॉर्कला लढत संपल्यावर बॉक्सर बिली कॉलिन्सच्या वडिलांनी त्याचा प्रतिस्पर्धी लुइस रेस्टोशी हात मिळवला, तेव्हा ग्लोव्ह पातळ लागला. त्यांनी तिथेच आवाज उठवला, ग्लोव्ह जप्त झाले, आतलं पॅडिंग काढल्याचं उघड झालं. १९८६ मध्ये रेस्टो आणि त्याचा प्रशिक्षक पनामा लुईस दोषी ठरले. आपल्या स्पर्धेत शंका आली तर ग्लोव्ह उतरण्याआधी पंचांना गाठा आणि तपासणीची मागणी लेखी द्या.