सुट्टीत पोरांचं ऑर्गन शिबीर भरवायचंय? आधी पायांचं बघा

बेळगावात पेटी वाजवणारी पोरं काही कमी नाहीत. पं. रामभाऊ विजापुरे (1917–2010) यांच्यासारखा पेटीवाला या गावात पिढ्यान्‌पिढ्या पोरं घडवत बसला होता, त्यामुळं शहापूर, वडगाव, टिळकवाडी कुठंही संध्याकाळी फिरा, कुठल्यातरी माडीवरून अलंकार, म्हणजे सरावाचे सुरांचे पलटे, ऐकू येणारच. पण नाटकातला तो पायानं वाजवायचा ऑर्गन म्हटलं की सगळे एकमेकांकडं बघतात. संगीत नाटकाचे कर्ते अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले आपल्या जिल्ह्यात, गुर्लहोसूरला, आणि आपल्याकडं नाटकाला ऑर्गनवाला शोधायची वेळ येते, हे काय बरं नाही. म्हणून सुट्टीत पेटी येणाऱ्या पोरांना ऑर्गनकडं वळवायचं शिबीर कसं घ्यायचं ते लिहितोय. कुणाला क्लासमध्ये, वाचनालयात, नाट्यमंडळात करायचं असेल तर उपयोग होईल.

पहिली गोष्ट तारखा. आपल्या कर्नाटकातल्या शाळांना एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सुट्टी लागते आणि मे संपता संपता शाळा परत सुरू. पण चंदगड, गडहिंग्लजकडची पोरं महाराष्ट्र बोर्डाची, त्यांची सुट्टी उशिरा लागते आणि जूनपर्यंत चालते. दोन्हीकडची पोरं हवी असतील तर मे महिनाच धरा, तोही पहिले तीन आठवडे. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांचं एक सत्र एप्रिल-मेमध्येच असतं, ते आधी बघून घ्या, नाहीतर निम्मी पोरं ऐन शिबिरात परीक्षेला जातात. गावच्या जत्रा, लग्नं, खानापूर-चंदगडकडं काजूचं काम, हे सगळं याच दिवसांत असतं, त्यामुळं रोज शंभर टक्के हजेरीची अपेक्षा धरू नका. वेळ सकाळी सात ते साडेनऊ ठेवा. दुपारी कोण येत नाही आणि संध्याकाळी वळीव आला की लाईट जातेच. ऑर्गनला लाईट लागत नाही हा त्याचा मोठा गुण आहे म्हणा, पण पोरांना अंधारात नोटेशन दिसत नाही.

आता ऑर्गन. जुने अमेरिकन ऑर्गन, इस्टी, मेसन अँड हॅम्लिन, कार्पेंटर असे, अजून वाड्यांत, नाट्यमंडळांच्या खोल्यांत, कुठल्या शाळेच्या स्टोअरमध्ये पडून असतात, विचारत फिरावं लागतं. रत्नागिरी जिल्ह्यात आता नवे ऑर्गनही बनतात, बजेट असेल तर तिकडं चौकशी करा. जुना आणणार असाल तर आधी जाऊन तपासा. दोन्ही पायडल मारून हवा भरा, पाय काढा आणि एकच पट्टी दाबून धरा. सूर काही सेकंद नीट टिकला पाहिजे, लगेच मेला तर भाता गळतोय, कापड बदलायला लागणार, आणि ते काम पंधरा दिवसांत होईल असं कोण सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मग एकेक स्टॉप, म्हणजे वेगवेगळे आवाज चालू करायची ओढायची खुंटी, ओढून सगळ्या पट्ट्या खालपासून वरपर्यंत वाजवा, मुका सूर कुठला आणि न दाबता वाजणारा सूर कुठला ते खडूनं लिहून ठेवा. उंदरांचं पण बघा. हे हसण्यावारी नेऊ नका, जुन्या काही ऑर्गनच्या पायडलवर चक्क ‘माऊस प्रूफ’ असं कोरलेलं असतं, म्हणजे तिकडंही हाच त्रास होता की.

मुका सूर बऱ्याच वेळा फक्त कचऱ्यामुळं मुका असतो. ऑर्गनची सुरी, म्हणजे पितळी रीड, खोबणीत सरकवून बसवलेली असते, ती काढायला एक वाकडा हूक असतो. रीडच्या टोकाला खाच असते त्यात हूक अडकवायचा आणि सरळ आपल्याकडं ओढायचं, तिरकं ओढलं तर खोबण खराब होते. रीड उजेडात धरली की जीभ आणि चौकट यांच्यामधली फट दिसते, तिथं एखादा धाग्याचा तुकडा किंवा धूळ अडकलेली असते. मऊ ब्रशनं जिभेच्या टोकाकडं हलकेच झाडायचं, नखानं खरवडायचं नाही, वाकली तर सूरच बदलतो. आणि ज्या खोबणीतून काढली त्याच खोबणीत परत. हे काम पोरांसमोर करा, हातात द्या, एकदा आतलं बघितलं की पोरं पट्ट्या आपटायचं आपोआप सोडतात.

शिकवायला कुठून सुरू करायचं, तर पायापासून, आणि इथं घाई करायची नाही. पेटीचं पोर ऑर्गनवर बसलं की पहिल्या मिनिटाला उजव्या हातानं गाणं वाजवायला बघतं. पाय मधेच थांबतात आणि सूर हेलकावे खातो. पेटीत भाता हवा बाहेर ढकलतो, अमेरिकन ऑर्गनमध्ये भाता हवा आत ओढतो, म्हणून आवाज गोल येतो, पण झटका देऊन काही होत नाही, ओढ सारखी लागते. पहिला आठवडा एकच काम द्या: एक पट्टी दाबायची, चाळीस-पन्नास मात्रा धरायची, पाय आलटून पालटून, आणि एक पाय वर यायच्या आत दुसरा खाली निघालेला पाहिजे. शिवणाच्या मशीनसारखं दोन्ही पाय एकत्र हलवायची सवय काही पोरांना आपोआप लागते, ती तिथल्या तिथं मोडा. टाच टेकलेली, जोर पुढच्या पंज्याचा. बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायचं आणि सूर जिथं दबला तिथं टाळी वाजवायची. टाळी बसायला लागली की पोरं चिडून का होईना पाय सुधारतात. “सर, पोटऱ्या दुखूलेत” असं तिसऱ्या दिवशी सगळीच म्हणतात, म्हणूनच एका बैठकीला दहा-पंधरा मिनिटांच्या वर पाय चालवायला लावू नका.

उंची बघून पोरं घ्या. पायडलवर पंजा पूर्ण टेकून गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. स्टूल उंच केलं तर पाय लोंबकळतात, खाली केलं तर कोपर पट्ट्यांच्या खाली जातं. पायाखाली पाट देऊन काही उपयोग नाही, कारण पायडल खाली जायला जागा लागते. ज्याचे पाय पोचत नाहीत त्याला सरळ सांगा, बाळा, यंदा पेटीच. पालक नाराज होतील, होऊ देत.

एकच ऑर्गन आणि आठ पोरं असं असणारच, म्हणून आळीपाळी आधीच ठरवून भिंतीवर लावा. प्रत्येकाला रोज दोन वेळा थोडं थोडं. एक ऑर्गनवर, दोघं पेटीवर तोच अलंकार त्याच पट्टीत (म्हणजे त्याच सा वरून), एकजण हातानं ताल धरणार, आणि उरलेली जमिनीवर बसून नोटेशन उतरवणार. आपल्याकडं निम्मी पोरं कन्नड शाळेतली असतात, घरी मराठी बोलतात पण वाचायचं म्हटलं की अडखळतात, तेव्हा सारेगम दोन्ही लिपीत लिहा, भातखंडेंची चिन्हं तीच ठेवा. यावरून कुणी वाद घालायला लागला तर त्याला तबल्यावर बसवा!

दुसऱ्या आठवड्यात डावा हात. पेटीत तो भात्यावर अडकलेला असतो, इथं मोकळा होतो आणि पोरांना त्याचं काय करायचं तेच कळत नाही. सोपी सुरुवात म्हणजे डाव्या हातानं खर्जातला सा-प धरून ठेवायचा आणि उजव्यानं भूप राग. मग मालकंस घ्या, त्यात पंचमच नाही, तर सा-म धरायला लागतो, आणि तिथं पोराला पहिल्यांदा कळतं की डावा हात पण रागाला बांधलेला आहे. डाव्या हातात गंधार जोडायचा तर जपून, कारण ऑर्गनचा शुद्ध गंधार तानपुऱ्याच्या नैसर्गिक गंधारापेक्षा साधारण 14 सेंट (अर्ध्या सुराचे 100 सेंट धरतात) चढा असतो, लांब धरला की कानाला खुपतो. आकाशवाणीनं 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला बाहेर ठेवलं होतं त्यामागं मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही याच्या जोडीला हा सुरांचा मुद्दा पण होता. पोरांना तानपुरा लावून दोन्ही गंधार ऐकवा, सांगण्यापेक्षा ऐकवलेलं बरं.

गुडघ्याच्या पट्ट्या त्यानंतर. बहुतेक ऑर्गनमध्ये उजव्या गुडघ्यानं आवाज उघडतो-मिटतो आणि डाव्यानं सगळे स्टॉप एकदम लागतात. पोरांना डावी पट्टी फार आवडते, धडाम आवाज येतो ना. शेवटच्या आठवड्यापर्यंत ती बंदच ठेवा. स्टॉपपैकी एकच ओढून सराव करू दे. ऑक्टेव्ह कपलर (दाबलेल्या सुराबरोबर त्याच्या वरच्या किंवा खालच्या सप्तकातला सूर पण वाजवणारी सोय) लावला की पाय दुप्पट लागतात हे सुद्धा दाखवा. आणि ऑर्गनला स्केल चेंजर, म्हणजे पट्ट्या सरकवून सा बदलायची सोय, नसतो, गायिका काळी चारला (चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून) गाणार म्हणाली तर तिथंच वाजवायला लागतं, त्यामुळं प्रत्येक अलंकार निदान तीन पट्ट्यांत.

शेवटचा आठवडा गाणाऱ्याबरोबर. पोरांचे स्वतंत्र कार्यक्रम ठेवू नका, पालकांच्या मोबाईलसाठी पोरं ठरलेलं गाणं पाठ करून वाजवतात आणि साथ शिकायचीच राहते. कुणीतरी गाणारी ताई-मावशी बोलवा, एक पद रोज थोडं वेगळं गायला सांगा. पोरानं गाणाऱ्याच्या तोंडाकडं बघत वाजवायचं, पट्ट्यांकडं नाही. ऑर्गन अर्धी मात्रा मागं राहिला तर चालतं, पुढं गेला तर नाही. 1913 साली निघालेल्या बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत हरिभाऊ देशपांडे ऑर्गनवर, कादरबक्ष सारंगीवर, थिरकवाँ तबल्यावर असायचे. बालगंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रणं पोरांना ऐकवा आणि विचारा, गाणं चालू असताना साथ कुठं गप्प बसलीय. कुठं वाजवलंय हे सगळेच सांगतात, गप्प कुठं बसलीय हे शोधायला दोनदा ऐकावं लागतं.

ऑर्गन टेम्पोतून आणताना-नेताना उभाच ठेवा, आडवा कधीच नाही, पायडल कापडानं बांधून टाका. जून लागला की आपल्याकडच्या ओलीनं लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, म्हणून भिंतीपासून वीतभर लांब, पाऊस येणाऱ्या खिडकीजवळ नको. ज्या दोन-तीन पोरांचे पाय खरंच बसलेत त्यांना खोलीची किल्ली कुणाकडं असते ते सांगून ठेवा, आठवड्यातनं दोनदा येऊन वाजवू देत.