जुन्या स्पोर्ट्स कारचा लाल रंग गुलाबी पडलाय? रंगकामाआधी हे करून बघा

उन्हाने विटलेला रंग बऱ्याचदा वरच्या वरच मेलेला असतो, खाली चांगला थर शिल्लक असतो.

१. गाडी सावलीत, पत्रा गार असताना शॅम्पूने धुवा. कोल्हापूर परिसरात गळीत हंगामात कारखान्यांची राख बसते. ती कोरड्या फडक्याने पुसलीत तर ओरखडे हमखास.

२. डिकीच्या कोपऱ्यावर पांढऱ्या फडक्याने थोडं कंपाउंड (रंग घासून उजळवणारी पेस्ट) घासा. फडकं लाल झालं तर वर क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) नाही, म्हणजे जुना साधा रंग. तो छान उजळतो. फडकं पांढरंच राहिलं तर क्लिअर कोट आहे. तो पापुद्र्यासारखा सुटत असेल तर पॉलिशचा खर्च करू नका, तिथे पुन्हा रंगच मारावा लागतो.

३. कडा आणि बॉडीलाइनवर मास्किंग टेप लावा. दोन बाय दोन फुटांचा भाग घेऊन पॉलिशिंग मशीनच्या फोम पॅडने कंपाउंड कमी वेगात, हलक्या दाबाने फिरवा. पॅड रंगाने भरला की बदला. शेवटी वॅक्स, नाहीतर रंग पुन्हा लवकर विटतो.

चाकं रंग न दिलेल्या ॲल्युमिनियमची असतील तर ६००, १०००, २००० नंबरचा पाणपेपर पाण्यासह क्रमाने मारा, मग मेटल पॉलिश. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बफिंगही (मशीनवर घासून चकाकी आणणं) करून मिळतं. टायर काढून द्या. धातूचा तो कडक बफ रंगाला मात्र लावू देऊ नका, कडेचा रंग क्षणात प्रायमरपर्यंत जातो.

चाकांना ॲसिडवाला टॉयलेट क्लीनर अजिबात नको. ॲल्युमिनियमवर पडलेले डाग नुसत्या पॉलिशने जात नाहीत.