एप्रिलच्या कार्यक्रमांआधी जुन्या घडणीच्या गिटारची तयारी

14 एप्रिल जवळ आला की नांदेड, परभणी, लातूरकडे भीमगीतांचे कार्यक्रम सुरू होतात आणि मग लग्नसराई संपेपर्यंत गिटारवाल्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. तीन सिंगल कॉइल पिकअप (तारेचं कंपन विजेत बदलणारी, एकाच गुंडाळीची चुंबकं), सहा स्क्रूंचा ट्रेमोलो (दांडीने सूर हलवणारा ब्रिज) आणि गोलसर फ्रेटबोर्ड (मानेवरची बोटं ठेवायची पट्टी) अशी 1950-60 च्या घडणीची इलेक्ट्रिक गिटार तुमच्याकडे असेल, तर मार्चअखेरच एक रविवार तिच्यासाठी राखून ठेवा. तिच्या बऱ्याचशा खोडी बिघाड नसतात, तिची घडणच तशी असते.

सामान आधी जमवा. सॅडल, म्हणजे ब्रिजवरचे तारांचे छोटे टेकू, वर-खाली करायला 0.050 इंची, म्हणजे 1.27 मिमीची एलन की लागते. तिथे 1.5 ची बसत नाही, आणि सैल की घालून फिरवली तर स्क्रूची खाच गोल होते. शिवाय प्लस स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची स्टीलपट्टी, गॅरेजवाल्यांकडे असतं तसं फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्र्यांचा संच), शिसपेन्सिल, कॉन्टॅक्ट क्लीनर, वायरमनचा टेस्टर आणि तारांचा नवा संच. घामाने सॅडलचे स्क्रू गंजून बसले असतील तर आदल्या रात्रीच तेलाचा थेंब सोडून ठेवा.

सुरुवात मानेपासून करा. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं, फ्रेटची, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं कडेने बाहेर येतात आणि हात सरकवताना करवतीसारखी लागतात. लाकडाला टेप लावून बारीक कानशीने ती हलकेच घासा. हे काम उन्हाळ्यातच करावं, कारण आता घासलेली टोकं पावसाळ्यात लाकूड फुगल्यावर त्रास देत नाहीत. मग पहिल्या फ्रेटवर कापो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, शेवटचा फ्रेट दाबा आणि आठव्यावर तारेखालची फट मोजा. ती 0.3 मिमीच्या आसपास हवी. या घडणीत ट्रस रॉडचा (मानेचा वाक बदलणाऱ्या आतल्या सळईचा) नट बहुधा मानेच्या बुडाशी, बॉडीत दडलेला असतो. त्यामुळे तारा सैल करून, मानेचे चार स्क्रू ढिले करून, पाव फेरा फिरवायचा, सगळं परत कसायचं, सुरात लावायचं आणि पुन्हा मोजायचं. कंटाळून एकदम मोठा फेरा देऊ नका.

आता तारांची उंची. या फ्रेटबोर्डची गोलाई 7.25 इंच त्रिज्येची असते, म्हणून बारीक तार ओढून वरच्या फ्रेटवर मींड घेतली की ती पुढच्या फ्रेटला टेकते आणि सूर मरतो. सतराव्या फ्रेटवर जाड तार 2 मिमी आणि बारीक तार 1.6 मिमी ठेवून बघा. तरीही मींड अडली तर बारीक तारा आणखी उचला. माझं मत विचाराल तर बोटाला थोडी जड लागलेली चालेल, सूर मेलेला चालत नाही.

खुंट्यांवर मात्र निवांत वेळ द्या. ‘गिटार सुरात राहत नाही’ ही तक्रार मी जितक्या वेळा ऐकली, त्यातल्या निम्म्या वेळी तार चुकीची गुंडाळलेली निघाली. या खुंटीला मधोमध चीर असते आणि चिरेच्या तळाला भोक. तार ताणून धरा, तिच्या खुंटीपुढे दोन खुंट्यांएवढी जास्तीची सोडा आणि आधीच कापा. टोक सरळ भोकात खोल घाला, चिरेतून काटकोनात वळवा, बोटाने दाबून धरून वरून खाली वेढे घ्या. वेढा वेढ्यावर चढू देऊ नका. मानेच्या वरच्या टोकाशी तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीलाही नटच म्हणतात, तिच्या खाचांत शिसपेन्सिल घासा. तार पिळताना ‘टिक’ असा आवाज आला तर ती तिथेच अडकतेय. बारावा फ्रेट दाबून निघणारा सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसता स्पर्श करून काढलेल्या सुरापेक्षा) चढा असेल तर सॅडल मागे घ्या.

पिकअप फार वर असले की चुंबक जाड तारेला ओढतात आणि वरच्या फ्रेटवर एकाच तारेतून दोन सूर लहरल्यासारखे येतात. शेवटचा फ्रेट दाबून जाड बाजूला 2.4 मिमी, बारीक बाजूला 2 मिमी अंतर ठेवा. खरखरणाऱ्या नॉबमध्ये क्लीनर मारून तो वीसेक वेळा फिरवा. सिंगल कॉइलची घुमघुम ही आपल्या 50 हर्ट्झ विजेची असते, ती पूर्ण जात नाही. मधला पिकअप उलट गुंडाळलेला असेल तर पाच जागांच्या स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी ती दबते, म्हणून गाण्यांमधल्या निवेदनाच्या वेळी स्विच तिथे ठेवा.

शेवटचं काम स्टेजवरचं, आणि ते कधीच टाळू नका. गिटारच्या तारा ब्रिजमधून अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. मांडवातलं अर्थिंग खोटं असेल तर हात तारेवर आणि ओठ माइकवर, यांतून वीज जाते. एका गावात कोरस म्हणायला पुढे झुकलो तेव्हा माझ्या ओठांना असा झटका बसला की पुढचा अंतरा मी गाऊच शकलो नाही. तेव्हापासून साउंड चेकच्या आधी टेस्टर माइकच्या जाळीला आणि तारेला लावतो. दिवा लागला तर अँपची पिन काढा आणि वायरमनला बोलवा. तो येईपर्यंत गिटार खांद्याला लावू नका.