भाकर घेतली, प्याला राहिला: प्रभुभोजनात या चुका टाळा

प्रभुभोजन म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून उपासनेत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. गेली बावीस वर्षं आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, या प्रभुभोजनाच्या मेजाची तयारी माझ्याकडे आहे. शनिवारी संध्याकाळी मेजावरच्या पांढऱ्या कापडाला इस्त्री करायची, ताटली-प्याला पुसायचा, द्राक्षारस गाळून ठेवायचा. रविवारी पाळकसाहेब भाकर देत पुढे जातात आणि त्यांच्या मागून प्याला धरून मी मेजासमोरच्या कठड्यापाशी चालते. गुडघे टेकलेल्यांचे हात, ओठ, घाई, सगळं अगदी जवळून दिसतं. त्याच त्या चुका इतकी वर्षं पाहून आता लिहायलाच घेतलं.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो प्याल्यासाठी न थांबणाऱ्यांसाठी.

एका नाताळला सकाळची उपासना होती, देऊळ (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) खचाखच भरलेलं. पाळकसाहेबांनी कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भाकर दिली. मी प्याला घेऊन वळले, तर निम्मा कठडा रिकामा. भाकर तोंडात टाकून लोक उठून गेले होते. उपासनेनंतर त्यांतला एक मुलगा फाटकापाशी भेटला. महिन्याभरापूर्वीच त्याचं दृढीकरण, म्हणजे स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करण्याचा विधी, झालेलं, पहिल्यांदाच मेजाशी आला होता. मी विचारलं, "काऊन रे, प्याला न घेताच उठला?" तो म्हणाला, "काकू, भाकर भेटली ना, झालं की. मागं किती लोक उभे होते." मी त्याला तिथेच कडुनिंबाखाली थांबवलं. त्याचे मित्र मोटरसायकली सुरू करून वाट पाहत होते, तरी थांबवलं.

त्याला जे सांगितलं तेच इथे लिहिते. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सव्विसाव्या अध्यायात प्रभू प्याला देताना म्हणतो, "तुम्ही सर्व ह्यातून प्या." सर्व. पुढे युरोपात शेकडो वर्षं असा काळ आला की सामान्य माणसाच्या वाट्याला फक्त भाकर यायची, प्याला धर्मगुरूच घ्यायचे. 1414 साली प्रागमध्ये काही धर्मगुरूंनी लोकांना पुन्हा प्याला द्यायला सुरुवात केली. 1415 च्या जूनमध्ये कॉन्स्टन्स गावी भरलेल्या चर्चच्या परिषदेने ते निषिद्ध ठरवलं, आणि पुढच्याच महिन्यात, 6 जुलैला, त्याच गावात प्रागचा धर्मगुरू यान हुस याला जाळलं. त्याच्यावरचे आरोप वेगळे आणि बरेच होते, पण लोकांना प्याला द्यायला त्याचा पाठिंबा होता. त्याच्या माघारी बोहेमियाच्या, म्हणजे प्रागच्या मुलखातल्या, लोकांनी प्याल्याचं चित्र आपल्या निशाणावर घेतलं. त्यासाठी लढाया झाल्या. अखेर 1436 साली त्यांना प्याला घेण्याची मोकळीक मिळाली. अँग्लिकन मंडळीच्या (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या) विश्वासाच्या 39 कलमांतलं तिसावं कलम तर एवढंच सांगतं की सामान्य ख्रिस्ती माणसाला प्रभूचा प्याला नाकारायचा नाही. लोकांनी ज्याच्यासाठी जीव दिला, तो प्याला आपल्या ओठांपासून हातभर अंतरावर आलेला असतो आणि आपण दोन मिनिटांसाठी उठून जातो.

आणि घाईचं म्हणाल तर प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रात नेमकं याचसाठी झापलं आहे. कोणी आधीच खाऊन घेतो, कोणी भुकेला राहतो, कोणी पिऊन तर्र होतो. म्हणून तो लिहितो की भोजनाला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय घरी शांतपणे वाचा. माझी स्वतःची सवय अशी की शेजारच्या माणसाने प्याला घेतल्याशिवाय मी कठडा सोडत नाही, मग मागे कितीही रांग असो.

तो मुलगा पुढच्या महिन्यात थांबला. शेजारी त्याची आई होती, त्यामुळे माझ्या सांगण्याचा किती उपयोग झाला देव जाणे.

इथेच एक उलटी चूकही सांगते. कॅथलिक चर्चमध्ये बहुतेक वेळा लोकांना भाकरच देतात, म्हणून हे सगळं ऐकून काही जण कॅथलिक शेजाऱ्यांना म्हणतात, "तुमचं तर अर्धंच." असं बोलू नका. कॅथलिक शिकवण अशी की भाकरीच्या रूपात ख्रिस्त पूर्ण आहे आणि द्राक्षारसाच्या रूपातही पूर्णच. त्यामुळे फक्त होस्त, म्हणजे भाकरीची पातळ चकती, घेणाऱ्याला काही कमी मिळालं असं ते मानत नाहीत. 1562 साली ट्रेंटच्या परिषदेने हेच ठामपणे मांडलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली काही प्रसंगी दोन्ही रूपांत देण्याची वाट मोकळी केली, आणि दोन्ही रूपांत घेतल्याने भोजनाची खूण अधिक पूर्ण दिसते असं त्यांचे आजचे नियमच म्हणतात. तिथे बुडवून द्यायचं असेल तर धर्मगुरू स्वतः होस्त द्राक्षारसात बुडवून जिभेवर ठेवतात. हातात घेऊन आपण बुडवायचा नाही. आणि आपण त्या चर्चचे नसू तर लग्नाला गेलो म्हणून कम्युनियनच्या, म्हणजे प्रभुभोजनाच्या, रांगेत उभं राहायचं नाही, जागेवर बसून प्रार्थना करायची.

आपल्या नागपुरात तर पद्धतींचा घोळ होणारच. 29 नोव्हेंबर 1970 ला इथेच, सदर भागातल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलला, सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यांत अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन वळणाचे होते, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्सही होते. कोणाकडे एकच चांदीचा प्याला, कोणाकडे बाकांवर फिरणारी छोट्या प्याल्यांची ताटं; आमच्याकडे दोन्ही आहेत. नाव एक झालं तरी हाताच्या सवयी आजही देवळागणिक वेगळ्या आहेत. दुसऱ्या मंडळीत गेलात तर पुढच्या बाकावर बसू नका. मागे बसा आणि लोक काय करतात ते आधी बघा. छोटा प्याला मिळाला तर काही ठिकाणी तो हातात धरून सगळ्यांसोबत घ्यायचा असतो. मिळाल्या मिळाल्या तोंडाला लावू नका.

आता रसाबद्दल. हे मेजाची तयारी करणाऱ्यांसाठी आहे.

आमच्याकडे दारू नसलेला रस वापरतात, काळ्या मनुकांचा. पाव किलो मनुका धुऊन रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवायच्या, मग त्याच पाण्यात वीसेक मिनिटं उकळायच्या, कुस्करून मलमलच्या फडक्यातून गाळायच्या. सत्तरेक छोटे प्याले सहज भरतात. काम सोपं आहे, फक्त शनिवारीच करायचं असतं. एका मे महिन्यात मी लग्नासाठी बाहेरगावी होते. तयारी ज्यांच्याकडे दिली त्यांनी सोय म्हणून बुधवारीच रस केला, बाटलीत भरला, झाकण घट्ट लावलं आणि वस्त्रगृहाच्या, म्हणजे पाळकांचे झगे ठेवायच्या खोलीच्या, कपाटात ठेवून दिला. नागपूरचा मे. पारा पंचेचाळीसच्या वर, कपाट पश्चिमेच्या भिंतीला. उकळलेला रस निर्जंतुक राहतो असं त्यांना वाटलं. पण फडक्यातून, बाटलीतून, हवेतून यीस्ट आत जातंच आणि गोड रसात तीन-चार दिवस उबेत बसलं की साखरेची दारू करायला लागतं. रविवारी झाकण फिरवताच फसकन फेस आला. मी सकाळच्या गाडीने उतरून थेट देवळात आलेली. मला वास आला, पण तोवर प्याले भरून ताटं मेजावर गेली होती आणि गीत सुरू झालं होतं. मी गप्प बसले. ती चूक माझी.

आमच्यात एक गृहस्थ आहेत, त्यांनी कित्येक वर्षांपूर्वी दारू सोडली. त्यांनी छोटा प्याला उचलला, नाकाशी नेला आणि थरथरत्या हाताने परत ताटात ठेवला. उपासना संपल्यावर ते मला म्हणाले, "बाई, आज मला मेजापासून लांब जावं लागलं." एवढंच. मला अजून तो हात दिसतो. पाळकसाहेबांच्या कानात एक वाक्य सांगितलं असतं आणि त्यांनी दोन मिनिटं उपासना थांबवली असती, तर काहीही बिघडलं नसतं.

त्या दिवसापासून रस शनिवारी संध्याकाळीच होतो, बाटली उकळत्या पाण्यातून काढून घेते, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवते आणि प्याले भरण्याआधी स्वतः वास घेऊन, घोटभर चाखून बघते. शंका आली तर फेकायचा. तयार बाटलीतला रस घेतलात तरी उघडल्यावर हाच नियम. स्क्वॉश, सरबत, रंगाचं पाणी आणू नका. संत्र्यांच्या गावात संत्र्याचा रस का नको, असं एका तरुण सभासदाने कळकळीने विचारलं होतं. कारण वरच्या माडीवर, त्या शेवटच्या भोजनाच्या वेळी, प्रभू द्राक्षवेलीच्या उपजाबद्दल बोलला. आणि ते भाकर-रस एकत्र भरलेले सीलबंद प्लास्टिकचे कप! साथीच्या दिवसांत ठीक होते. आता एकमेकांच्या हातून घेता येत असताना त्यांची गरज काय?

तब्येतीमुळे किंवा व्यसन सोडल्यामुळे प्याला नको असेल तर मात्र जराही संकोच नको. भाकर घ्या, प्याला समोर आला की दोन्ही हात छातीवर आडवे ठेवा, मी पुढे जाते. तुमचं भोजन पूर्ण आहे. गव्हाचा त्रास असेल तर उलट करा, फक्त प्याला घ्या, पण शनिवारपर्यंत पाळकसाहेबांना कळवा. मी वर ज्यांना रागावले ते हे लोक नव्हेत. कोण का थांबलं नाही याची चौकशी शेजाऱ्याने करूच नये.

बुडवून घेण्याची पद्धत असेल तर भाकरीचं टोक बुडवा, बोटं नाही. प्याल्यात चार-चार बोटं बुडालेली मी पाहिली आहेत.

भाकर चिमटीत पकडू नका, डाव्या हातावर उजवा तळवा ठेवून पुढे करा.

ओठांची लाली आधी पुसा.

प्याला देणाऱ्याच्या हातातून ओढू नका. त्याच्या तळाशी दोन बोटं लावून आपल्या ओठांकडे हलकेच कलवा, म्हणजे सांडत नाही. वाकून डोकं खाली घालून बसलात तर मला तुमचं तोंडच सापडत नाही. देणाऱ्यांनी दर माणसानंतर कड आतून-बाहेरून पुसायची आणि प्याला थोडा फिरवायचा.

उरलेला रस मोरीत ओतू नका. उपासनेनंतर आम्ही दोघं-तिघं मेजापाशीच उभं राहून तो संपवतो.

शेवटची चूक मंडळ्यांची आहे. अंथरुणाला खिळलेल्यांकडे जाताना फक्त भाकर नेतात, रस सांडेल म्हणून. नागपुरातल्याच इंदोऱ्याच्या एका आजींकडे आम्ही वर्षभर अशीच भाकर नेली. त्यांना ती गिळायला त्रास व्हायचा, तरी त्या कधी बोलल्या नाहीत. एकदा पाळकसाहेबांनी छोट्या औषधाच्या नव्या बाटलीत रस आणला, भाकरीचा कण त्यात भिजवला आणि चमच्याने दिला. आजींनी डोळे मिटून तो घेतला आणि म्हणाल्या, "आज प्यालाही आला बाप्पा घरी." तेव्हापासून ती बाटली, एक चमचा आणि पांढरा रुमाल माझ्या पिशवीत कायम असतो.